आजोबांची पेटी आणि एक पुसट शब्द

ज्युबिलीचा अंक म्हटला म्हणजे त्यांत देवळाचा इतिहास यावा, फादरांचीं चरित्रें यावींत, शाळेची व मंडळांची हकीगत यावी, हें रास्तच आहे. परंतु धर्मग्राम म्हणजे केवळ दगडचुन्याची इमारत नव्हे. ज्या घरांतून माणसें त्या देवळांत आलीं, त्या घरांचाहि तो इतिहास असतो. हाच विचार मनांत धरून ज्युबिली कमिटीनें एक ठराव केला. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत आपल्या गांवचीं जीं माणसें समुद्रापलीकडे गेलीं, त्यांच्या नांवांची एक पाटी देवळाच्या ओट्यावर बसवावी, आणि प्रत्येक नांवापुढें त्याचा हुद्दा व पलटण कोरावी, असा तो ठराव होता. आमच्या आजोबांचें नांव त्या यादींत होतेंच. त्यापुढें काय कोरावयाचें तें लिहून देण्याचें काम आमच्याकडे आलें. एका संध्याकाळींच तें उरकेल असें आम्हांस वाटलें होतें; प्रत्यक्षांत त्याला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत जें कळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण असल्या पेट्या आपल्या प्रवरेकाठच्या पुष्कळ घरांत माळ्यावर पडून आहेत, आणि त्यांतील वस्तु जें सांगतात तें घरच्या गोष्टींहून निराळें असूं शकतें.

आमच्या घरची गोष्ट अशी होती. आजोबा बसऱ्याच्या लढाईंत कॉर्पोरल होते, त्यांनीं तुर्कांशीं दोन हात केले, आणि त्याबद्दल सरकारनें त्यांना पदक दिलें. लग्नकार्यांत सोयऱ्यांची ओळख करून देतांना हें वाक्य आमच्याकडे ठरलेलें असे. याला आधार काय, असें कोणी विचारलेंच, तर आमच्या धाकट्या काकांकडे बोट दाखविलें जाई. ते मिशनच्या शाळेंत मास्तर होते, इंग्रजी जाणत होते. पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरें आहेत. त्यांत आरंभीं एक आंकडा, मग 'सी', पुढें कांहीं पुसट झालेलें, आणि मग 'एल' अशीं अक्षरें त्यांना दिसलीं. तो कॉर्पोरल या हुद्द्याचा संक्षेप होय असा त्यांनीं निर्णय दिला. शेवटीं 'कोअर' हा शब्द वाचतां येत होता. कोअर म्हणजे फौज, असेंहि त्यांनीं सांगितलें. मास्तरांचा शब्द घरांत प्रमाण मानला गेला.

स्वतः आजोबा मात्र याविषयीं कधीं बोलले नाहींत. ते १९६८ सालीं वारले तेव्हां आम्ही लहान होतों. परंतु एक प्रसंग आम्हांस चांगला आठवतो. आम्हीं पोरांनीं एकदां त्यांना घेरून विचारलें, "आबा, लढाईंत काय काय झालं, सांगा ना." ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "लई वझं होतं रं पोरांनो, लई वझं होतं." एवढेंच बोलून ते उठून गेले. आम्हीं समजलों, आजोबांच्या मनावर लढाईचें ओझें आहे. मोठीं माणसेंहि तसेंच समजलीं.

पेटी आमच्या आत्यांकडे असते. त्या आजोबांचें शेवटचें अपत्य; आतां नव्वदीकडे झुकल्या आहेत, पण किल्ली अजून पदराच्या गांठीला असते. पेटींत चारच वस्तु निघाल्या. फीत विटलेलें एक पदक, एक परकी नाणें, मोडी लिपींतील पत्र असलेलें एक पाकीट, आणि वाळवीनें खाल्लेला एक सरकारी कागद, ज्यावर आतां एकहि शब्द शिल्लक नाहीं. त्या कागदाचा नाद सोडून आम्हीं उरलेल्या तीन वस्तूंकडे वळलों.

प्रथम नाणें घेतलें, कारण त्याविषयीं घरांत मोठी आशा होती. त्यावर अरबी अंकांत १३२७ हा आंकडा आहे. कोणा जाणत्यानें तो वाचून दाखविल्यापासून तें सातशें वर्षांपूर्वींचें दुर्मिळ धन आहे असें आम्ही मानीत आलों होतों. तो भ्रम लौकरच गेला. १३२७ हें इसवी सन नसून हिजरी सन आहे, आणि तें नाणें पाडल्याचें वर्षहि नाहीं. तुर्की नाण्यांवर सुलतान गादीवर बसल्याचें वर्ष घालीत, आणि त्याच्या राजवटीचें कितवें वर्ष चालू आहे तें निराळ्या लहान अंकानें दाखवीत. हिजरी १३२७ म्हणजे इसवी सन १९०९. त्या वर्षीं सुलतान पांचवा मेहमद गादीवर आला. त्याच्या सहीच्या वेलबुट्टीखालीं उघड्या कोनासारखी जी लहान खूण आहे, ती अरबी सात होय. म्हणजे हें दहा पारांचें निकलचें चिल्लर नाणें १९१५ च्या सुमारास पाडलेलें आहे. त्याची किंमत कांहींच नाहीं. पण आजोबा तुर्की मुलुखांत महायुद्धाच्या काळांत होते, एवढी साक्ष तें देतें.

पाकिटानें याहून अधिक सांगितलें. त्यावरील तिकीट हिंदुस्थानचेंच, पंचम जॉर्ज बादशहाच्या मुखवट्याचें आहे. परंतु त्यावर काळ्या शाईनें 'आय. ई. एफ.' अशीं तीन अक्षरें उमटविलेलीं आहेत. हिंदुस्थानांतून परदेशीं पाठविलेल्या फौजेच्या टपालासाठीं तिकिटांवर तीं छापीत असत. या फौजांना ओळीनें इंग्रजी अक्षरें दिलेलीं होतीं. 'ए' फ्रान्सला गेली, 'बी' आणि 'सी' पूर्व आफ्रिकेला, 'डी' मेसोपोटेमियाला, 'ई' आणि 'एफ' इजिप्तला, आणि 'जी' गॅलिपोलीला. ज्या देशास आज आपण इराक म्हणतों तोच तेव्हांचा मेसोपोटेमिया. नाण्याशीं हें जुळत होतें. आंतलें पत्र मात्र आम्हांस वाचतां येईना. मोडी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ तालुक्याच्या गांवीं आहेत असें समजलें. त्यांच्याकडे पत्राची नक्कल पाठवून आम्ही पदकाकडे वळलों.

पदकाच्या एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचें मस्तक आहे. दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला एक उघडा पुरुष आहे. घोड्याच्या टापांखालीं गरुडाचें चिन्ह असलेली ढाल आहे, आणि कडेला १९१४ व १९१८ हीं सालें आहेत. फितीच्या मध्यभागीं नारिंगी रंग व दोहों बाजूंस पांढरा, काळा आणि निळा पट्टा असे. आमच्या फितींत आतां नारिंगीच तेवढा ओळखूं येतो. हें त्या महायुद्धाचें सर्वसाधारण ब्रिटिश युद्धपदक होय. तें पराक्रमाबद्दल दिलेलें नसून सेवेबद्दल दिलेलें आहे. लाखों माणसांस तें मिळालें. येथें घरच्या गोष्टीचा पहिला टांका उसवला.

दुसरा टांका धातूनें उसवला. हें पदक चांदीचें असतें. आमचें तपकिरी आहे. आत्यांचें म्हणणें असें, कीं वरचा चांदीचा मुलामा झिजला. परंतु चांदीचें पदक मुलाम्याचें नसे, अंतर्बाह्य चांदीचेंच असे. याच ठशाचीं कांशाचीं पदकेंहि काढलीं होतीं. तीं सुमारें १ लक्ष १० हजार होतीं. तीं लढाऊ शिपायांस दिलेलीं नाहींत. चीन, माल्टा, हिंदुस्थान येथून जे मजूर व हमाल पलटणींच्या कामास नेले, मुख्यत्वें त्यांच्यासाठीं तीं होतीं.

तिसरा टांका हुद्द्याचा. हिंदी पायदळांत शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, आणि त्यावर जमादार व सुभेदार असे हुद्दे होते. कॉर्पोरल हा गोऱ्या पलटणींतील हुद्दा. त्याच्या जोडीचा आपल्याकडील हुद्दा नाईक. प्रवरेकाठच्या हिंदी माणसाच्या पदकावर कॉर्पोरल येईल कसें? काका हयात असते तर त्यांना हें विचारलें असतें, आणि त्यांनींहि तें मोकळ्या मनानें मानलें असतें, अशी आमची खात्री आहे.

एवढें झाल्यावर कडेवरील तो शब्द वाचणें भागच होतें. एका रात्रीं दिवा अगदीं आडवा धरून, पातळ कागद कडेभोंवतीं गुंडाळून, त्यावर मऊ पेन्सिलीचें शिसें हलक्या हातानें घासलें. अशा कडेवर आधीं माणसाचा क्रमांक, मग हुद्दा, मग नांव, आणि शेवटीं पलटण असा क्रम असतो. क्रमांक निघाला. नांव निघालें, साहेबाच्या कारकुनानें तें वाटेल तसें लिहिलें आहे, पण आजोबांचेंच. 'कोअर' या शब्दाच्या आधीं 'लेबर' हा शब्द उमटला. आणि हुद्द्याच्या जागीं, 'सी' आणि 'एल' यांच्या मध्यें दोन वाटोळीं अक्षरें आलीं, 'एल'च्या पुढें आणखी एक आलें. तो शब्द 'कुली' असा होता.

येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा शब्द काळानें पुसट केला नव्हता. दर नाताळास पेटी उघडून, चिंच आणि राख लावून, पदक लखलखीत करावयाचें आणि आल्यागेल्यास दाखवावयाचें, अशी आमच्या घरची रीत होती. पन्नास वर्षांच्या त्या घासण्यानें कडेवरचीं अक्षरें झिजलीं. आमच्या अभिमानानेंच आजोबांचा खरा हुद्दा पुसला, आणि मग त्याच अभिमानानें त्या जागीं दुसरा हुद्दा लिहिला.

आम्हीं तें आत्यांस सांगितलें. न सांगतां पाटीवर कांहीं लिहून देणें बरें नव्हे असें आम्हांस वाटलें. त्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या बापाला दगडावर हमाल म्हणून कोरणार होय रे? त्यापरीस नांवच नको घालूं." आमच्याजवळ त्यावर उत्तर नव्हतें. आम्ही परत आलों, आणि कमिटीस आणखी मुदत मागितली.

आत्यांच्या या बोलण्यामागें जें दुःख आहे तें आपल्या वाचकांस वेगळें सांगावयास नको. आपल्या बहुतेक कुटुंबांचे पूर्वज ज्या समाजांतून आले, त्या महार समाजानें मुंबई इलाख्याच्या फौजेंत पिढ्यान् पिढ्या नोकरी केली होती. १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत सरकारनें त्यांची भरती बंद केली. लढाऊ जाति आणि बिनलढाऊ जाति अशी वांटणी करून हें दार लाविलें. महायुद्धांत माणसें कमी पडूं लागलीं तेव्हां १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज संपतांच १९२१ सालीं ती मोडली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालीं बेळगांवास महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हां कोठें तें दार कायमचें उघडलें. म्हणून आजोबांनीं बंदूक कां धरली नाहीं, हा प्रश्न त्यांना विचारण्याजोगा नाहीं. ज्यांनीं दार लाविलें त्यांना तो विचारावयाचा.

परंतु हमालाचें काम म्हणजे लढाईबाहेरचें हलकें काम, ही समजूत तरी खरी आहे काय? हें पाहण्यासाठीं त्या मोहिमेचा इतिहास थोडा वाचला पाहिजे.

हिंदी फौज ६ नोव्हेंबर १९१४ रोजीं फाव येथें उतरली आणि त्याच महिन्यांत तिनें बसरा घेतला. पुढल्या वर्षीं ती नदीच्या कांठानें वर वर जात राहिली. सप्टेंबर १९१५ मध्यें कुत घेतलें, आणि नोव्हेंबरांत बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथें तिला माघार घ्यावी लागली. जनरल टाउनशेंड कुत येथें परतले, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनीं त्यांना वेढा दिला. त्यांच्या सुटकेसाठीं जानेवारी ते एप्रिल १९१६ पर्यंत एकामागून एक हल्ले झाले. त्यांत सुमारें २३,००० माणसें मृत व जखमी झालीं. उपयोग झाला नाहीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें १३,००० माणसांनिशीं कुत शरण गेलें.

असें कां झालें? शूर शिपायांची वाण होती म्हणून नव्हे. बसऱ्यास मोठ्या आगबोटी लागतील असा धक्काच नव्हता. बोटी नदीच्या मध्यांत नांगर टाकून उभ्या राहत, आणि माल लहान होड्यांतून कांठावर आणावा लागे. गर्दी झाली कीं बोटी आठवड्यांमागून आठवडे भरलेल्या पोटीं तशाच उभ्या राहत. कांठावर उतरलेला माल वर नेण्यास रस्ता नव्हता, आगगाडी नव्हती, नदींतल्या आगबोटी अपुऱ्या होत्या. ताज्या पलटणी बसऱ्यास येऊन पडल्या होत्या, आणि त्यांना कुतपर्यंत नेतां येत नव्हतें. जखमी माणसें उघड्या होड्यांतून, मलमपट्टीवांचून, दिवस दिवस खालीं येत होतीं. याची चौकशी करण्यास विलायतेंत मेसोपोटेमिया कमिशन बसलें. जून १९१७ मध्यें त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला.

मग सरकारचे डोळे उघडले. धक्के बांधले, पुराविरुद्ध बंधारे घातले, दलदलींतून रस्ते केले, हिंदुस्थानांतून रूळ आणि डबे नेऊन मीटरगेज आगगाड्या घातल्या. हें सर्व ज्यांच्या हातांनीं आणि खांद्यांनीं झालें, ते हिंदुस्थानांतून नेलेले मजूर, हमाल, भिस्ती, खलाशी, झाडूवाले. ही व्यवस्था उभी राहिल्यावर जनरल मॉड यांनीं डिसेंबर १९१६ मध्यें चढाई सुरू केली, आणि ११ मार्च १९१७ रोजीं बगदाद घेतलें. आंकड्यांवरून प्रमाण समजेल. मेसोपोटेमियास हिंदुस्थानांतून एकंदर ५,८८,७१७ माणसें गेलीं. त्यांपैकीं २,९३,१५२ बिनलढाऊ होतीं. म्हणजे जवळजवळ एका शिपायामागें एक माणूस ओझें वाहणारा, खणणारा, पाणी भरणारा असा होता. तो नव्हता तेव्हां कुत गेलें. तो आला तेव्हां बगदाद मिळालें.

याच सुमारास मोडी पत्राचें बाळबोध रूप हातीं आलें. तें लिहिलेलें आहे ऑगस्ट १९१७ मध्यें, कोणा लेखकाच्या हातून. आजोबांना अक्षरओळख नव्हती. त्यांत शौर्याचें एक वाक्य नाहीं. पैसे पोंचले काय, पाऊस कसा आहे, म्हैस विकूं नये, बाळंतपण सुखरूप झालें कीं नाहीं, मुलगा कीं मुलगी, असें विचारलें आहे. पुढें लिहिलें आहे, कीं आम्ही सकाळपासून दिवे लागेपर्यंत बोटींतून गोण्या उतरवितों. ऊन असें आहे कीं लोखंडास हात लावतां येत नाहीं. आणि शेवटीं, आमच्या टोळींतील तिघे तापानें वारले, त्यांचीं नांवें लिहितों, त्यांच्यासाठीं देवळांत प्रार्थना करवावी, कारण येथें त्यांच्यासाठीं रडणारें कोणी नाहीं. मग तीं तीन नांवें आहेत. त्यांतील एक आपल्या मिशनांतील माणसाचें दिसतें. इतर दोघे कोणत्या गांवचे, कोणत्या धर्माचे, तें पत्रांत नाहीं.

पत्रांतील बाळंतपणाच्या उल्लेखावरून आम्हीं आपल्या देवळांतील बाप्तिस्म्याची नोंदवही पाहण्याची परवानगी मागितली. फादरांनीं ती कृपाळूपणें दिली. या वहीचें अक्षरच एक इतिहास आहे. आरंभीच्या पानांवर जर्मन जेजुइट फादरांचें टोंकदार वळण आहे. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारनें त्यांना शत्रुराष्ट्राचे म्हणून नजरकैदेंत ठेविलें, आणि १९१५-१६ मध्यें त्यांतील बहुतेकांस मायदेशीं पाठविलें. तेथपासून वहींतील अक्षर बदलतें. थोड्या फादरांवर पुष्कळ गांवांचा भार पडल्यामुळें नोंदी घाईच्या दिसतात. अशाच एका घाईच्या नोंदींत, नोव्हेंबर १९१७ मध्यें, आमच्या वडिलांचा बाप्तिस्मा आहे. आजोबांच्या नांवाशेजारीं समासांत लॅटिनमध्यें दोनतीन शब्द आहेत. त्यांचा अर्थ एवढाच, कीं बाप गैरहजर, मेसोपोटेमियांत. ज्या लढाईमुळें गुरु गांवांतून नेले गेले, तिच्यामुळेंच बापहि गेला होता, आणि त्या बाळाला हातांत घेण्यास आजी तेवढी उभी होती.

पत्र आणि नोंदवहीची नक्कल घेऊन आम्ही पुन्हां आत्यांकडे गेलों. पत्र वाचून दाखविलें. तीन नांवें वाचतांच त्यांनीं हात वर करून आम्हांस थांबविलें. "पुन्हा म्हण," म्हणाल्या. आम्हीं पुन्हां वाचलीं. मग त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस ठाऊक नव्हतें. दर वर्षीं दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशीं, आजोबा घरच्या माणसांच्या मेणबत्त्या लावून झाल्यावर कबरस्तानाच्या भिंतीशीं, जेथें कोणाचीच कबर नाहीं तेथें, आणखी तीन मेणबत्त्या लावीत. लहानपणीं त्यांनीं विचारलें होतें, या कोणाच्या? आजोबा म्हणाले होते, "माझ्यासंगं वझं वाहणाऱ्यांच्या." वझं शब्दाचा अर्थ त्यांनाहि तेव्हां कळला नव्हता, जसा आम्हांस कळला नव्हता. आजोबांनीं आम्हांपासून कांहीं लपविलें नव्हतें. त्यांनीं खरें तेंच आणि नेमकें तेंच सांगितलें होतें. आम्हींच तें उपमा समजून ऐकलें.

त्या तिघांचीं नांवें त्या देशांत कोठें असतील काय, हेंहि आम्हीं पाहिलें. ज्यांच्या कबरी सांपडल्या नाहींत अशा ४०,५०० हून अधिक मृतांसाठीं बसऱ्यास एक मोठें स्मारक बांधलें, आणि २७ मार्च १९२९ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. १९९७ सालीं तें तेथून हलवून शहराबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटांत पुन्हां उभारलें. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांचीं नांवें आहेत, हिंदी अंमलदारांचीं आहेत. पण हिंदी शिपाई व त्यांखालील माणसें यांचीं नांवें कोरलेलीं नव्हतीं, पलटणीपुढें नुसता मृतांचा आंकडा घातला. कबरी व स्मारकें राखणाऱ्या राष्ट्रकुल मंडळानें एप्रिल २०२१ मध्यें याची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला. मुख्यत्वें आफ्रिका व इजिप्त येथील निदान १,१६,००० मृतांचीं नांवें कोठेंच कोरलीं गेलीं नाहींत, कदाचित् ही संख्या ३,५०,००० पर्यंत असेल, असें त्यांत म्हटलें आहे, आणि मंडळानें त्याबद्दल क्षमा मागितली आहे.

आत्यांनीं पदकाला हात लावला तो त्या दिवशीं निराळ्या तऱ्हेनें. त्यांनींच एक गोष्ट आठवून सांगितली. एका दुष्काळांत आजीनें हें पदक सोनाराकडे मोडीसाठीं नेलें होतें. शेजारच्या गांवांतील दोन चांदीचीं पदकें त्यानें त्याच वर्षीं आटविलीं होतीं. हें पाहून तो म्हणाला, ह्यांत काय आहे, घेऊन जा. हलक्या धातूचें होतें म्हणून तें परत घरीं आलें, आणि म्हणून आज वाचावयास मिळालें. मग त्या म्हणाल्या, "लिही खरं काय तें. पण ती तीन नांवं त्याच्याखाली घाल. त्याशिवाय नको."

कमिटीपुढें हा प्रश्न आला तेव्हां थोडी चर्चा झाली. तिघे आपल्या गांवचे नव्हते. दोघांचा धर्महि ठाऊक नाहीं. मग आपल्या देवळाच्या ओट्यावर त्यांचीं नांवें कां, असें एकदोघांनीं विचारलें. तो प्रश्न वावगा नव्हता. परंतु १९१७ सालीं एका माणसानें परक्या देशांतून पत्र लिहून आपल्याच देवळाकडे त्यांच्यासाठीं प्रार्थना मागितली होती, आणि तें पत्र त्या वेळीं येथें कोणी वाचलें कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. ही मागणी आतां आपल्यापर्यंत पोंचली आहे. एवढें सांगितल्यावर ठराव एकमतानें संमत झाला. पाटीवर आजोबांच्या नांवापुढें 'मजूर पलटण, मेसोपोटेमिया' असें कोरलें आहे, आणि त्याखालीं तीं तीन नांवें आहेत. आम्हीं तीं येथें छापीत नाहीं. वाचकांनीं ओट्यावर चढून तीं तेथेंच वाचावींत.

आतां ज्यांच्या घरीं असल्या पेट्या आहेत त्यांना दोन शब्द. पदक घासूं नका. मळ राहिला तरी चालेल, अक्षरें गेलीं तर परत येत नाहींत. १९१४-१८ च्या पदकाची कड वाचा, आणि धातु कोणता तें पाहा. दुसऱ्या महायुद्धाचे सहाकोनी तारे असतील तर फितीवरून मुलूख कळतो. वाळूच्या रंगावर मध्यें तांबडा पट्टा असेल तर आफ्रिका. तांबडा, पांढरा, हिरवा असेल तर इटली. गडद निळ्यावर मध्यें तांबडा व दोहों बाजूंस नारिंगी असेल तर ब्रह्मदेश. मोडी कागद रद्दींत टाकूं नका; मोडी वाचणारे अजून आहेत, त्यांच्या हयातींत तो वाचून घ्या. तिकिटें पाकिटावरून सोडवूं नका. आणि सालाचा मेळ बसत नसेल तर देवळांतील जुन्या नोंदवह्यांत शोध करण्याची परवानगी मागा; समासांतील दोन शब्दहि पुष्कळ सांगून जातात.

मात्र एक तयारी ठेविली पाहिजे. पेटींतून हवालदार निघेलच असें नाहीं. भिस्ती निघेल, खेंचरवाला निघेल, स्वैंपाकी निघेल, कुली निघेल. जें निघेल तें आपलें आहे असें म्हणतां आलें पाहिजे. आमच्या घरीं पन्नास वर्षें एक कॉर्पोरल होता, ज्याला आम्हीं कोणीं पाहिलें नव्हतें. आतां त्याच्या जागीं एक माणूस आला आहे, ज्याचा उजवा खांदा डाव्याहून खालीं होता, आणि त्या खांद्यावर बसून आम्ही या देवळाच्या सणाची जत्रा पाहिली आहे. येत्या दोन नोव्हेंबरला कबरस्तानाच्या भिंतीशीं तीन मेणबत्त्या लावण्याचें काम आत्यांनीं आमच्याकडे सोंपविलें आहे. वाचकांपैकीं कोणास वाटलें तर त्यांनीं यावें.